फ्रायब्रेडचे शनिवार

बबनरावांनी उभा जन्म भुताखेतांच्या विरोधात भाषणं ठोकली. औरंगाबादेत ठोकली, आणि कॅल्गरीला आल्यावर आंबेडकर असोसिएशनच्या सभांतही ठोकली. मेल्यावर माणसाचं काही उरत नाही, असं ते टेबलावर मूठ आपटून सांगायचे. अशा माणसानं मेल्यावर परत यावं, तेही बर्फ काढायला, याला काय म्हणावं? त्यांच्या बायकोला, नंदाताईंना, आधी हसू यायचं आणि मग डोळे भरून यायचे.

ते गेले तो शनिवार होता आणि नंदाताई फ्रायब्रेड तळत होत्या. हा पदार्थ शेजारच्या बर्निसनं शिकवलेला. बर्निस मूळची ॲरिझोनातली, तिथल्या नवाहो आदिवासींतली, लग्न करून कॅल्गरीला आली ती इथलीच झाली. मैदा, बेकिंग पावडर, मीठ आणि कोमट पाणी. पीठ जास्त मळायचं नाही, नाहीतर चिवट होतं. थोडं झाकून ठेवायचं, मग लाटणं न घेता हातावरच थापत पसरायचं आणि तापल्या तेलात सोडायचं. टम्म फुगलं की वर राजमा, खिमा, लेट्यूस, टोमॅटो, किसलेलं चीज. याला टाको म्हणायचं. नंदाताई राजम्यात काळा मसाला घालायच्या आणि बर्निस नाक पुसत पुसत दुसरा मागायची.

आपल्या खापरपणज्यांना सरकारनं जमिनीवरून हुसकून लांब नेऊन ठेवलं, शिधा म्हणून पांढरं पीठ आणि चरबी दिली, त्यातून ही भाकर आली, असं बर्निसनंच एकदा सांगितलं होतं. ते ऐकून बबनरावांनी हातातली भाकर उलटसुलट करून पाहिली. बहात्तरच्या दुष्काळात त्यांचं घर खडी फोडून मिळणाऱ्या सुकडीवर जगलं होतं. तेव्हापासून शनिवारी फ्रायब्रेड हे ठरूनच गेलं.

त्या शनिवारी ते बूट चढवून स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "एखादा दे की अगोदर. पोटात कावळे ओरडायलेत."

"आधी ड्राइव्हवे शोव्हल करून या," नंदाताई म्हणाल्या. "मग निवांत खा, गरम गरम."

ते बाहेर गेले. पहिला टाको ताटात पडला तशी नंदाताईंनी हाक मारली, "अहो, झालं हो, या!" फावड्याचा आवाज थांबलेला होता. ते बर्फात पडले होते आणि एक हात अजून फावड्याच्या दांड्यावर होता. उपाशीपोटी गेले हो, हे नंदाताई येईल त्याला सांगत राहिल्या.

त्यांचा मुलगा कपिल टोरोंटोला बँकेत. "आई, सेल द हाउस, आमच्याकडे ये," असं तो फोनवर दर वेळी म्हणायचा. नंदाताई बघू म्हणायच्या.

पुढच्या हिवाळ्यात एका शनिवारी त्यांनी मन घट्ट करून कढई चढवली. टाको भरला. आणि जन्माची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "अहो, झालं हो, या!"

बाहेर फावडं खरडलं. खर्र. खर्र.

शेजारचं कुणी असेल म्हणून त्यांनी पडदा सारला. चिनूकचा गरम वारा सुटला होता. सगळा बर्फ वितळून ड्राइव्हवे कोरडा ठणठणीत पडला होता, त्यावर माणूस नव्हता. आवाज मात्र येत होता. कोरड्या सिमेंटवर पत्रा घासल्यासारखा. मध्ये थांबत होता, दम घेत होता, पुन्हा सुरू होत होता. मग काहीतरी जड पडलं आणि सगळं गप्प झालं.

खरं तर भीती वाटायला हवी होती. पण नंदाताईंना आनंद झाला. हे कुणाला सांगायची सोय नव्हती. बावीस प्रतिज्ञा घेतलेली बाई म्हणते नवरा परत येतो, असं असोसिएशनभर झालं असतं. त्यांनी तोंड शिवून घेतलं आणि दर शनिवारी कढई चढवली. हाक मारायची की बाहेर फावडं सुरू. त्या खिडकीला कान लावून बसायच्या. रिकाम्या घरात आठवड्यातून एकदा तरी आपलं माणूस होतं.

पण हळूहळू फावड्यापेक्षा धापच जास्त ऐकू येऊ लागली. पडण्याचा आवाज लवकर येऊ लागला. एकदा तो आला तशा नंदाताई चपला न घालता धावत बाहेर गेल्या. ड्राइव्हवे मोकळा होता. तिथं उभ्या असताना त्यांना कळलं. ते जेवायला येत नव्हतेच. दारापर्यंत कधी पोचतच नव्हते. आपण हाक मारतो आणि हा माणूस दर शनिवारी नव्यानं मरतो.

त्या तशाच बर्निसकडे गेल्या आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं. बर्निसनं कप खाली ठेवला. ड्राइव्हवेकडे तिनं मुद्दाम पाहिलं नाही.

"आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत," ती म्हणाली. "नाव घेतलं की तो वाटेतून मागे फिरतो. डोंट से हिज नेम, नंदा."

नंदाताईंना हायसं वाटलं. "बर्निस, आय नेव्हर सेड हिज नेम. होल लाइफ, नेव्हर." नवऱ्याचं नाव त्यांनी लग्नातल्या उखाण्यानंतर कधी उच्चारलं नव्हतं.

"मग हाक कशी मारायचीस?"

"अहो."

"आणि आता?"

नंदाताईंनी तोंडावर हात ठेवला.

पुढच्या शनिवारी त्यांनी कढई चढवलीच नाही. साधा वरणभात केला. ताट वाढलं आणि "अहो" जिभेवर आलंच, ओठ आवळून कसंबसं परतवलं. नवऱ्याच्या आधी जेवायचं त्यांना ठाऊकच नव्हतं. इतर दिवशी उभ्याउभ्या काहीबाही पोटात ढकलता यायचं, पण शनिवारी ताट वाढून घास घ्यायचा तर आधी हाक मारायची, हे हाडात मुरलेलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. असे उपाशी शनिवार किती काढणार?

म्हणून त्यानंतरच्या शनिवारी, हाक न मारता जेवायचंच असं ठरवून, त्यांनी पीठ भिजवलं. बाहेर बर्फ पडत होता. तेलाचा वास घरभर झाला आणि हाक न मारताच फावडं सुरू झालं. खरडत खरडत ते पुढे आलं, पायरीशी आलं, थांबलं. धाप नव्हती, पडल्याचा आवाज नव्हता. दाराबाहेर बूट आपटून बर्फ झाडल्याचं त्यांना स्पष्ट ऐकू आलं. ते आजवर इतक्या जवळ कधीच आले नव्हते. फक्त बोलावण्याची वाट बघत होते.

नंदाताईंनी पहिला टाको भरला, खुर्ची ओढली आणि स्वतःच खायला बसल्या. मसाला नाकात गेला, रस मनगटावरून ओघळला. "तुम्ही जा आता," त्या मनातल्या मनात म्हणाल्या, "मी जेवतेय, बघा, मी जेवतेय." दाराबाहेर बराच वेळ काही हललं नाही. मग पायरीवरून बूट उतरले. पावलं रस्त्याकडे निघाली, सावकाश, दमदार, तरण्या माणसाची असावीत तशी. ती कुठंही अडखळली नाहीत.

आवाज जाता जाता अगदी बारीक झाला आणि नंदाताईंचा जीव कासावीस झाला. आत्ता हाक मारली तर अजून ऐकू जाईल. "अहो" ओठांपर्यंत आलं. त्यांनी दोन्ही हातांनी टाको उचलला आणि तोंडात कोंबला.