सव्वादोन फुटांची वाट

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी मांडणी आहे. सध्या एका इमारतीच्या जिन्याखाली उभी आहे. माझ्या चारही फळ्या रिकाम्या आहेत. पस्तीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालंय, त्यामुळे मला जरा उघडं उघडं वाटतं. येणारे-जाणारे माझ्याकडे बघतात आणि पुढे जातात. माझ्यापाशी आता वेळच वेळ आहे, तेव्हा माझी हकीकत सांगते.

माझा जन्म एका दुरुस्तीच्या दुकानात झाला. पंखा, इस्त्री, मिक्सर, घरातलं काहीही बिघडलं की लोक तिथे घेऊन यायचे. दुकानाच्या मालकांनी भोकं पाडलेल्या लोखंडी पट्ट्या आणल्या, स्वतः नट-बोल्ट आवळून मला उभं केलं आणि छान हिरवा रंग दिला. त्यांची मुलगी त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही त्यांना बाबाच म्हणते. मुलीला सगळे ताई म्हणतात.

दुकानात माझा काय थाट होता! वरच्या फळीवर दुरुस्त झालेल्या वस्तू, मधल्या दोन फळ्यांवर नंबर लागलेल्या, आणि खाली सुट्या भागांचे डबे. बाबा मान वर न करता हात मागे करायचे आणि हवा तो स्क्रू काढायचे. गिऱ्हाइकं म्हणायची, "काय टापटीप आहे हो तुमची!" कौतुक बाबांचं असायचं, पण ताठ मी व्हायचे.

बाबांना एक खोड होती. त्यांना काहीही फेकवत नसे. तुटकी वायर असो की वाकडं झाकण, ते म्हणायचे, "राहू दे, लागेल." आणि खरं सांगायचं तर त्या काळी लागायचंही.

मग लोकांनी दुरुस्त करणं सोडलं. वस्तू बिघडली की नवी घ्यायची, असं सुरू झालं. दुकान बंद पडलं आणि मी सगळ्या पसाऱ्यासकट इथल्या पहिल्या मजल्यावरच्या घरात आले. मला पॅसेजमध्ये उभं केलं. ताईची आई कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आठ दिवसांत ही इथून हलली पाहिजे." मी अकरा वर्षं राहिले. आई मात्र त्याआधीच गेली.

ती गेल्यावर घराला धरबंध उरला नाही. माझ्यावर, माझ्याखाली, माझ्या शेजारी वस्तू वाढत गेल्या. बाबा भंगारातून पंखे आणायचे आणि उघडून तसेच ठेवायचे. ताई एका लॅबमध्ये लोकांचं रक्त काढून घ्यायचं काम करते. उजाडता उजाडता बाहेर पडायची ती संध्याकाळी दमून यायची. घरात आडवं चालायची सवय दोघांना लागली होती. माझा हिरवा रंग शेवटचा कुणी पाहिला, ते मलाही आठवत नाही. घरी कुणी येत नसे. दार वाजलं की ताई ते वीतभरच उघडायची आणि फटीतूनच बोलायची.

एके दिवशी दुपारी बाबा माझ्या पायाशी ठेवलेल्या पंख्याला अडखळले. त्यांनी आधारासाठी माझी फळी धरायला हात टाकला. पण फळीवर हात टेकायला जागाच नव्हती. हात डब्यांवर पडला, डबे घरंगळले आणि बाबाही खाली आले. मित्रांनो, मी भक्कम होते, पण त्यांच्या कामी आले नाही. ते माझ्या मनाला फार लागलं.

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं. पुन्हा चालायला शिकवायचं म्हणून बाबांना हॉस्पिटलने ठेवून घेतलं. त्या संध्याकाळी ताई घरी आली आणि त्या पंख्यासमोर जमिनीवर बसली. "सकाळी मीसुद्धा ह्याच्यावरून पाय टाकून गेले," ती म्हणाली. ऐकायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

ताईचा भाऊ दूरच्या शहरात असतो. त्याचा फोन आला. ताई फोन स्पीकरवर टाकून माझ्यावर ठेवायची, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

"हे बघ, एका चांगल्या वृद्धाश्रमात जागा आहे. मी बोलून ठेवलंय."

"दादा, मी घर आवरते. बाबा घरीच येतील."

"दहा वर्षं आवरतेच आहेस तू. तुझ्याच्यानं होणार नाही गं."

 दुसऱ्या दिवशी ताईने मोजायची टेप आणली. बाबांना आता वॉकर धरून चालायचं होतं, आणि वॉकरला सव्वादोन फूट वाट लागते. हॉस्पिटलमधल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाई तीन आठवड्यांनी शनिवारी घर बघायला येणार होत्या. दारापासून बाथरूमपर्यंत वॉकर सरळ गेला तर बाबा घरी येणार, नाहीतर वृद्धाश्रमात.

कामावरून आल्यावर अख्खं घर आवरायचं त्राण ताईत नव्हतं. तिने एक युक्ती केली. सकाळी गॅसवर दूध ठेवायचं आणि ते तापेपर्यंत जेवढं होईल तेवढंच आवरायचं. दूध वर आलं की काम बंद, आंघोळ, लॅब. सुरुवातीचे दिवस वायाच गेले. एकेक वस्तू हातात घेऊन ती संध्याकाळी बाबांना फोनवर विचारायची, "बाबा, हा पंखा टाकू?" तिकडून उत्तर ठरलेलं, "नको गं, लागेल." मग पंखा इकडचा तिकडे. पसारा तेवढाच, फक्त जागा बदललेली. फोन ठेवल्यावर ताई पलंगाच्या कडेवर बसून ताटली मांडीवर घेऊन जेवायची. जेवताना ती भिंतीकडे बघायची. मला फार वाटायचं की हिच्याशी कुणीतरी बोलावं.

एकदा थकून तिच्या तोंडून वेगळंच निघालं. "बाबा, हा पंखा कुणाला देऊ?"

 बाबा म्हणाले, "कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला दे. दिवसभर निखाऱ्यापाशी उभा असतो बिचारा. नुसतं बटण बदल म्हणावं."

ताईने फोनकडे पाहिलं. मग तिने घाईने दुसरी वस्तू उचलली. "आणि हा मिक्सर?"

"तो चौथ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाईंना. त्यांचा सारखा जळतो. हात जड आहे त्यांचा!"

त्या दिवसापासून घराचा नूरच पालटला. टाकायचं म्हटलं की बाबांच्या जिवावर यायचं. द्यायचं म्हटलं की त्यांना माणसं आठवायची. सकाळी दूध तापेपर्यंत ताई एक डबा रिकामा करायची, संध्याकाळी बाबा नावं सांगायचे, आणि येता-जाता ती वस्तू पोचवायची. स्क्रूचे डबे सायकलवाल्याकडे गेले, वायरी वायरमनकडे. एका डब्यात तिला तिच्या लहानपणच्या सायकलची घंटी मिळाली. ती वाजवत बसली आणि दूध उतू गेलं. शेगडी पुसताना ती रडली. उरलेल्या दुधाचा चहा मात्र तिने त्या दिवशी चवीने घेतला.

माझ्या सगळ्यात खालच्या फळीवर, मागच्या बाजूला, आईचं अर्धवट विणलेलं स्वेटर होतं, सुया तशाच अडकवलेल्या. ताईने बाबांना विचारलं. 

"ते कुणाला देणार, बाळा," बाबा म्हणाले.

"नको, कुणालाच नको," ताई म्हणाली आणि तिने ते आपल्या कपाटात नीट ठेवलं.

मी हलकी होत होते आणि मनात मांडे खात होते. वाटत होतं, आता मला पुसतील, हिरवा रंग देतील. शेवटची फळी रिकामी झाली त्या दिवशी ताईने पुन्हा टेप लावली. पॅसेज तीन फूट, मी सव्वा फूट. उरले पावणेदोन. तिने टेप पुन्हा पुन्हा लावून पाहिली. लोखंड थोडंच आकसतं! खोलीत बाबांचा पलंग येणार होता, स्वयंपाकघरात तर तिलाच वळता येत नव्हतं. आता अडचण एकच उरली होती, आणि ती मी होते.

दोन हमालांनी मला जिन्याखाली आणून ठेवलं. वॉचमन म्हणाला, "आठ दिवस ठेवा ताई. मग लोक ओरडतील, भंगारवाल्याला बोलवावं लागेल." त्या शनिवारी व्यायामाच्या बाई वर गेल्या आणि उतरताना हसत होत्या. ताई त्यांना सोडायला खालपर्यंत आली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वाईट वाटलं, पण रागावले नाही.

काल बाबा आले. वॉकर टेकत टेकत लिफ्टकडे निघाले आणि मला बघून थांबले.

"ही इथे कशी?"

ताईचा चेहरा उतरला. "हिच्यामुळे वॉकर जात नव्हता, बाबा. फोनवर सांगायचा धीरच झाला नाही मला."

"कुणाला देणार आहेस?"

"सगळ्यांना विचारलं. गंजलीय म्हणतात. कुणालाच नको."

मी वाट बघत राहिले. पंख्यासाठी, मिक्सरसाठी, मूठभर स्क्रूंसाठीसुद्धा बाबांना माणूस आठवला होता. माझ्यासाठी त्यांनी खूप आठवून पाहिलं, ते मला दिसत होतं. शेवटी ते म्हणाले, "चल, वर जाऊ. मला बाथरूमला जायचंय." आणि लिफ्टचं दार लागलं.

पस्तीस वर्षांनी असा निरोप! मी पार खचले. पण मित्रांनो, घर माझ्या डोक्यावरच आहे. वर कुलूप उघडलं आणि वॉकर आत गेला. ठक, ठक, ठक. चौथ्या ठोक्याला माझी जागा येते. मी श्वास रोखून ऐकत होते. वॉकर तिथे थांबला नाही, अडला नाही, तिरका झाला नाही. सरळ पुढे गेला आणि बाथरूमच्या दाराची कडी वाजली. इतका आनंद मला दुकानात कौतुक व्हायचं तेव्हाही झाला नव्हता, आणि इतकं एकटंही मला कधी वाटलं नव्हतं.

आठांतले तीन दिवस सरले आहेत. तुमच्यापैकी कुणाला मांडणी हवी असेल तर या. गंज वरवरचा आहे, नट-बोल्ट पक्के आहेत, अजून खूप वर्षं ओझं उचलीन. अधूनमधून पुसत जा, एवढंच मागते. पण मला भिंतीशी लावण्याआधी टेप घेऊन मोजा. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माझ्या शेजारून सरळ जाता येत नसेल, तर मला इथेच राहू द्या.