पाटावर बसवलेला पाना

मी एक जुना पाना आहे. मित्रांनो, नाव ऐकून तुमचा हिरमोड झाला असेल. तलवार बोलली तर लोक ऐकतात, पाना काय बोलणार? नट सोडायचा आणि नट आवळायचा, एवढंच माझं आयुष्य. पण तेवढंसुद्धा मला नीट करू दिलं नाही, म्हणून आज बोलतो आहे. माझ्या बोलण्यात कडवटपणा आला तर तो गंजाचा आहे असं समजा.

निजामाच्या राज्यात, लिंबागणेशला माझा जन्म झाला. गावच्या सुंदररावांनी औरंगाबादच्या एका साहेबाकडून जुनी विलायती फटफटी आणली होती. त्या काळी बीडच्या रस्त्याला फटफटी दिसली की बैलं दावी तोडत आणि माणसं कुंपणाला चिकटून उभी राहत. रस्ता म्हणजे नुसते दगड. महिन्याभरात फटफटीचा पुढचा चिमटा खडखडू लागला. चिमटा म्हणजे चाकाला धरणारे दोन दांडे. त्यांच्यापुढं एक जाड स्प्रिंग असते, ती खड्ड्याचा दणका खाते. साहेबानं गाडीबरोबर हत्यारं दिलीच नव्हती. तेव्हा आश्रुबा लोहारानं एका टांग्याची मोडकी कमान, म्हणजे चाकावरची पोलादी पट्टी, भट्टीत घातली, ठोकून ठोकून तिचा पाना केला. तो मी.

कमान आणून दिली होती छबुबाईनं. ती सुंदररावांची धाकटी बहीण. तिचा नवरा शहादेव गेवराईला टांगा चालवायचा. पटकीच्या साथीत तो गेला आणि ती भावाकडे आली. आल्यापासून तिची जागा जात्यापाशी होती. सणासुदीला तिनं आतल्या खोलीत थांबायचं, लग्नकार्यात समोर यायचं नाही. घरात तिला हाक मारून कुणी काही विचारत नसे.

पण टांग्याच्या कमानी, चाकं, वंगण हे सगळं तिनं नवऱ्याबरोबर केलेलं होतं. एक दिवस चिमट्याची खडखड ऐकून ती जात्यावरून उठली आणि म्हणाली, "दादा, खिळे कोरडे पडलेत. मी बघू का?"

सुंदरराव हसले. पण बीडच्या कचेरीत दुसऱ्या दिवशी जायचं होतं आणि दुसरा कुणी जाणता नव्हता. त्यांनी मान हलवली.

त्या दिवसापासून माझे सुखाचे दिवस सुरू झाले. दर पंधरवड्याला छबुबाई फटफटीखाली लाकडाचा ओंडका सारून पुढचं चाक अधांतरी करायची. चिमटा धरून पुढं-मागं हलवायची आणि कान देऊन ऐकायची. मग माझी पाळी. मी नट सोडायचो, ती चिमट्याच्या सांध्यांतले चारही खिळे काढून घासलेटनं धुवायची, एरंडेलाचं वंगण भरायची. परत बसवताना तिचा एक नियम होता. नट पूर्ण आवळायचा आणि मग किंचित मागं घ्यायचा. ती मलाच सांगत असल्यासारखी पुटपुटायची, "लई आवळलं की अडतं, लई सोडलं की पडतं." शेवटी स्प्रिंगवरून सुती चिंधी फिरवायची. चिंधी कुठं अडकली नाही म्हणजे स्प्रिंग धड.

आणि मित्रांनो, घरात हाक ऐकू येऊ लागली. "छबु, आज निघू का?" सुंदरराव विचारायचे. तिनं 'जा' म्हटल्याशिवाय फटफटी ओसरीवरून उतरत नसे. एवढ्या एका वाक्यासाठी ती बाई जगत होती. बाहेर मात्र सुंदरराव मिशीला पीळ देऊन सांगत, "घरच्या घरी सगळं आपणच बघतो." ते ऐकून मला तर बुवा ठिणग्या उडवाव्या वाटत.

तीन वर्षं अशी गेली. मग ती खंडेनवमी आली.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा होते. सुंदररावांच्या वहिवाटीत असं होतं की एकदा पाटावर बसवलेलं हत्यार दसऱ्याचं सोनं लुटून आल्याशिवाय उचलायचं नाही. त्यांच्या पत्नीनं, चंद्रभागाबाईंनी, सकाळीच आम्हाला पाटावर मांडलं. विळा, कोयता, कुऱ्हाड आणि मी. मला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. खरं सांगतो, मी फुगलो होतो.

अंगणात छबुबाई पूजेसाठी फटफटी पुसत होती. स्प्रिंगवरून चिंधी फिरवता फिरवता ती थांबली. चिंधीचा एक दोरा अडकला होता. तिनं तिथं नख घातलं. नख आत गेलं.

"दादा, स्प्रिंगला चीर हाय. उद्या फटफटी काढू नका."

"उद्याच तर काढायची हाय! साऱ्या गावाला सांगितलंय, शिलंगणाला फटफटीवर जाणार म्हणून. पूजा होऊ दे, मग बघतो."

पूजा झाली. तेलात कालवलेला शेंदूर सुंदररावांनी स्वतः स्प्रिंगला चोपडला, चांगला बोटभर जाड. नारळ फोडला. मग जमलेल्या मंडळींसमोर हसत विचारलं, "हं, कुठं हाय चीर? दाव बरं."

छबुबाई वाकून शोधू लागली. चीर शेंदराखाली बुजून गेली होती. कुणीतरी खिंकाळल्यासारखं हसलं.

"दादा, पाया पडते. स्प्रिंग सोडून दावते. लई वेळ न्हाई लागायचा." असं म्हणून ती सरळ आत आली आणि माझ्याकडे हात केला. तिची बोटं माझ्यापासून वीतभर अंतरावर होती.

"वन्सं!" चंद्रभागाबाई ओरडल्या. "पूजेला हात लावू नका. तुमचं कपाळ पांढरं, तुमाला कळत न्हाई का?"

तिनं हात मागं घेतला. मित्रांनो, मला पाय असते तर मी त्या पाटावरून उडी मारली असती. फुलांखाली पडून राहण्याइतकी लाज मला आयुष्यात दुसऱ्या कशाची वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी मी पाटावरच होतो. शिवेजवळच्या ओढ्यात पुढचं चाक आदळलं, स्प्रिंग तुटली, फटफटी उलटली आणि सुंदररावांचा गुडघा तिच्याखाली सापडला. त्यांना बाजेवर घालून घरी आणलं. मागोमाग आश्रुबा लोहार तुटक्या स्प्रिंगचे दोन तुकडे घेऊन आला.

"मालक, ही मोड बघा. अर्धी काळी हाय, अर्धी चकचकीत. काळी हाय ती जुनी चीर. बाईसाहेब खरं बोलल्या व्हत्या."

कुणी बघितलं नाही. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "तीन वरसं त्या हातानं गाडीला शिवायचं, मग दुसरं काय व्हणार?" आणि सुंदरराव, ज्यांनी स्वतःच्या हातानं चिरेवर शेंदूर चोपडला होता, ते कण्हत म्हणाले, "आजपासनं छबुनं फटफटीला हात लावायचा न्हाई." चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी.

ती जात्यापाशी परत गेली. तिला हाक मारणं बंद झालं.

सहा महिन्यांनी औरंगाबादहून नवी स्प्रिंग आली. सुंदरराव लंगडत अंगणात आले आणि मला हातात घेतलं. सगळी ताकद लावून त्यांनी सगळे नट आवळले. मागं घेणं त्यांना माहीतच नव्हतं. चिमटा लाकडासारखा ताठ झाला, दाबला तरी हलेना. घामाघूम होऊन त्यांनी आत तोंड करून हाक मारली, "छबु, जरा बघ की."

जातं थांबलं.

"दादा, हात तर तोच हाय माझा," ती आतून म्हणाली. "आता कसा चालतो?"

सुंदरराव मला धरून उभे राहिले. 'चुकलं माझं' एवढेच दोन शब्द हवे होते. तिला यायचं होतं, मित्रांनो. तिचा हात मी तीन वर्षं ओळखत होतो, तो माझ्यासाठी शिवशिवत असणार. ती वाट बघत होती, मीही बघत होतो.

सुंदररावांनी मला ओंडक्यावर टाकलं आणि ते निघून गेले. थोड्या वेळानं जातं पुन्हा सुरू झालं.

मी अजून तिथंच आहे. फटफटीच्या बैठकीवर कोंबड्या बसतात आणि माझं तोंड गंजानं भरलं आहे. तुमच्या घरात एखादं यंत्र असेल तर त्याला फूल वाहण्याआधी चिंधीनं पुसा. आणि घरातल्या ज्या माणसाला ते पुसता येतं, त्याचं ऐका. ते माणूस एकदा गप्प झालं, तर तुमच्या हातात पाना असून काही उपयोग होत नाही.