पिंगळ्याची साक्ष

तिसऱ्या प्रहरची असरची नमाज आटोपली आणि अख्खं ऐत झग्गूर गाव तुदाच्या अंगणात लोटलं. भिंतीवर पोरं, छपरावर बाया आणि मधोमध फकीर सिदी मसूद. हिरवा फेटा, डोळ्यांत बोटभर काजळ, पायाशी भक्तांनी वाहिलेले साखरेचे शंकू.

"सुलेमान पैगंबरांना पाखरांची भाषा येत होती," सिदी घोगऱ्या आवाजात म्हणाले. "त्यातले उरलेसुरले चार शब्द माझ्याकडे आहेत. गप्प बसा! श्वाससुद्धा हळू घ्या!"

त्यांनी भिंतीला हात लावला आणि इथल्या रीतीप्रमाणे तो भक्तिभावानं ओठांना टेकवला. चुंबन जरा लांबलं, बारीक चीं-चीं करत. पुन्हा भिंत, पुन्हा चुंबन. आणि काय सांगावं, समोरच्या अंजिरावर पिंगळा येऊन बसला! ढळढळीत उन्हात! पिवळे डोळे थेट घराच्या दाराकडे.

"या अल्ला!" छपरावर किंकाळी फुटली.

"साक्ष मिळाली," सिदींनी डोळे फिरवले. "पोरीच्या अंगात जिन आहे. सात दिवस माझ्या खोलीवर ठेवा. उतरवून देतो."

शुक्रवारी तुदाचं लग्न होतं. तिची होणारी सासू रबहा ताडकन उठली. "पोरगी सिदींकडे पाठवा, नाहीतर लग्न मोडलं म्हणून समजा! पिंगळा कशाला खोटं बोलेल?"

दाराआड तुदा पांढरीफटक पडली. तिची मावशी यामना गावातली शिक्षिका. आईविना पोरीला तिनंच वाढवलेलं. सात दिवस, या काजळवाल्याच्या खोलीवर! सोमवार-गुरुवारचे रोजे न चुकता धरणारी ही बाई. कुराणात जिन आहेत हे तिला ठाऊक होतं; ते पिंगळ्याकरवी निरोप धाडतात, असं मात्र तिनं कुठं वाचलं नव्हतं. तिला खटकलं ते चुंबन. ती स्वतः दिवसातून पन्नासदा हात ओठांना लावायची, पण असा चीं-चीं आवाज कधी झाला नव्हता. असला आवाज तिनं गेल्या आठवड्यात ऐकला होता, शाळेच्या कोठारात, सापळ्यात शेपटी अडकलेल्या उंदराचा.

"सिदी, आणखी एकदा बोलवा," ती पुढे झाली. "फक्त हात पाठीमागे धरून."

"का म्हणून?"

"शब्द तोंडात असतात ना? मग हाताचं काय काम?"

भिंतीवरची पोरं फिदीफिदी हसली. सिदींनी हात मागे घेतले आणि "हूम! बरहूम!" असा घोष सुरू केला. आवाज चढत गेला, फेटा घसरत गेला. पिंगळ्यानं मान गर्रकन फिरवली आणि तो उडून गेला.

"या बाईनं माझी विद्या बाटवली!"

"असू दे. विहीणबाई, तुमच्या अंगणात चला."

सगळं गाव मागोमाग, तुदासुद्धा. रबहाच्या भिंतीशी बसून यामनानं मनगटाच्या मागच्या बाजूवर ओठ घट्ट दाबले आणि हवा आत ओढली. पहिल्यांदा निघाला तो आवाज ऐकून पोरं गडबडा लोळली. दुसऱ्यांदा मात्र, चीं! तिसऱ्यांदाही, चीं! आणि रबहाच्या भट्टीवर पिंगळा हजर.

रबहा मटकन खाली बसली. "म्हणजे... माझ्याही अंगात?"

"छे हो! तुमच्या भिंतीच्या भोकात त्याची पिल्लं आहेत. या दिवसांत गावातल्या निम्म्या भिंतींत असतात. असा आवाज काढला की त्याला वाटतं उंदीर जखमी झालाय. बिचारा जेवण शोधत येतो. घ्या, तुम्हीच करून बघा."

रबहानं करून पाहिलं. "अगं बाई! बघतोय माझ्याकडे!"

मग काय, ज्याचा त्याचा हात ओठाला! पिंगळा कंटाळून गेला, पण तीन गल्ल्यांतली मांजरं गोळा झाली. त्या गलक्यात सिदी पसार झाले.

"चमत्कार दिसला की मान तुकवण्याआधी एकदा स्वतः करून पाहा," यामना हळू आवाजात म्हणाली. "अल्लानं दिलेली अक्कल वापरली म्हणून तो रागावत नाही."

रबहा ओशाळून तुदाकडे वळली. "मग, शुक्रवारी..."

"रबहाबाई," तुदा पहिल्यांदाच बोलली, "तुम्ही माझी चौकशी पिंगळ्याकडे केलीत. मी चार हातांवर उभी होते. मला बोलता येतं."

रबहानं पदर सारखा केला, घसा साफ केला. "बरं. मग सांग, येशील का आमच्या घरी?"

"तुमच्या लेकाला पाठवा," तुदा म्हणाली. "त्यालाही दोन प्रश्न विचारायचेत."