बाबांचा घोडा

"सूनबाई, पोरीला घोड्यापाशी जाऊ देऊ नकोस हं," सासऱ्यांनी आजारपणात तिला बजावलं होतं. तिने ते हसण्यावारी नेलं. "बाबा, लाकडाचा तो, लाथ थोडीच मारणार आहे?" तरी त्यांच्या समाधानासाठी लेकीचा डुलता घोडा तिने गॅलरीत ठेवला. बाबा गेले आणि घोडा परत आत आला.

परवा बाबांच्या खिळ्यांच्या डब्यात तिला एक लोखंडी तुकडा सापडला. बदकाच्या मानेसारखा वाकडा, टोकाला चिमट्यासारखे दोन ओठ. ती संग्रहालयात जुन्या धातूच्या वस्तू साफ करायची, म्हणून आज तुकडा कामावर घेऊन गेली. तेलाच्या बोळ्याने गंज उतरला, तशी त्यावर कोरलेली चंद्रकोर दिसली. अशीच कोर घरी भिंतीवरच्या मोडक्या बंदुकीवर होती. दर आठवड्याला ती तिची धूळ पुसायची.

"अगं, घोडा आहे हा!" शेजारच्या टेबलावरच्या बाई म्हणाल्या. "चकमकीच्या बंदुकीचा. ओठांत गारगोटी धरायची. चाप ओढला की हा आपटतो, ठिणगी पडते."

घोडा. म्हणजे बाबा लाकडी घोड्याबद्दल बोलतच नव्हते.

"मोडून पडलाय का हो?"

बाईंनी भिंगातून पाहिलं. "छे! कुणीतरी जपून काढलाय. बंदूक भरलेली राहिली असेल, म्हणून."

सकाळीच धाकटा दीर म्हणाला होता, "वहिनी, जुन्या बाजारात हवा तो भाग मिळाला. आज बाबांची बंदूक पुरी करतो. छोटीचा फोटो काढू, एकदम राणीसरकार!" आणि ती म्हणाली होती, "काढा की."

घरचा फोन वाजत राहिला. कुणी उचलेना. ती तशीच धावत सुटली.

दार उघडंच होतं. दिराच्या मांडीवर बंदूक, नवा घोडा ताणलेला, त्याच्या ओठांत गारगोटी, आणि छोटी नळीला डोळा लावून उभी. "काका, आत काळोख आहे!"

तिने किंकाळी गिळली. दीर दचकला असता, तर त्याचं बोटही दचकलं असतं.

"छोटे, इकडे ये बघू. खाऊ आणलाय."

पोर कडेवर येताच ती नळीसमोरून बाजूला झाली.

"काय वहिनी, भूत बघितलं की काय?"

"भावजी, चापावरचं बोट काढा. आता ती गारगोटी काढा. हळू."

मग पोरीला शेजारी सोडून तिने दिराला नळीत गज घालायला सांगितलं. तळाला टेकायच्या चार बोटं आधीच गज अडला. आत कशावर तरी रुतला. जुना बार अजून आतच होता.

तुमच्या ओळखीत कुणाच्या भिंतीवर अशी बंदूक असेल आणि घरात लहान मूल असेल, तर या आईचं एवढंच सांगणं आहे: नुसता फोन करून थांबू नका. उठा, आणि त्या पोराला बघून या.