सासूबाईंचे पत्ते आणि बोर्डातली वायर

सासूबाईंची नजर अधू झाली आणि कॉम्प्युटरवर पत्ते खेळताना बदाम कुठला, चौकट कुठली, हे त्यांना दिसेनासं झालं. सासऱ्यांचा जुना, मागे भलंमोठं पोट असलेला टीव्ही मात्र चांगला ऐसपैस होता. "त्यालाच जोडून देतो की," असं जावई तोंड भरून बोलला आणि सुट्टीच्या दिवशी वायर घेऊन हजर झाला.

जोडलं मात्र, पडद्यावरून काळे पट्टे सरकू लागले आणि टीव्ही भुंग्यासारखा घूं घूं करू लागला.

"तुमच्या कॉम्प्युटरचे प्रताप," सासरे म्हणाले. ते निवृत्त शिंपी. टीव्हीला स्वतःच्या हातानं झालरीचा अभ्रा शिवलेला. त्याला नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

जावयानं टीव्हीमागे पालथं पडून चॅनेलवाल्या केबलची वायर उपसली. पट्टे गायब! खुशीत उठताना त्यानं कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या खोक्याला हात टेकला आणि "आई गं!" करून मागे सरला.

"मुंग्या आल्या. करंट लागतोय."

"काहीतरीच!" सासऱ्यांनी खोक्यावर तळवा ठेवला. "मला कुठे लागतोय?"

"बाबा, तुमच्या पायात रबरी चपला आहेत."

सासरे हट्टानं चपला काढू लागले, तसं त्यानं त्यांचं मनगट घट्ट धरलं. "नको म्हणतो ना!"

एवढ्या हक्कानं तो कधी बोलला नव्हता. सासरे चपापले, मग हसले. "बरं बाबा, राहिलं."

खोक्याला टेस्टर लावला तर त्यातला दिवा पेटला. "खोक्यातली वीज जमिनीत जायला हवी," जावई म्हणाला. "अर्थिंग नाही, म्हणून ती केबलमधून वाट काढत होती. त्याचेच पट्टे."

"म्हणजे टीव्ही निर्दोष?"

"साफ निर्दोष."

मेन स्विच बंद करून बोर्ड उघडला. अर्थिंगची वायर स्क्रूतून निसटली होती. जावयाच्या जाड बोटांना ती दाद देईना. सासऱ्यांनी चष्मा सारखा केला, तारा पिळल्या आणि सुईत दोरा ओवावा तशी ती जागेवर बसवली. स्क्रू जावयानं आवळला.

मेन चालू करून केबल पुन्हा जोडली, तरी चित्र लख्ख. टेस्टरही गप्प. सासूबाई लगेच डाव मांडून बसल्या.

तेवढ्यात लेकीचा फोन आला: नवरा अजून कसा आला नाही? सासऱ्यांनीच उचलला.

"जेवूनच येईल गं. आम्ही दोघं आता स्वयंपाकघरातला बोर्ड उघडतोय."