कपाटावरची काडी

मास्तरांना सगळं जमत होतं, एक स्वस्थ बसणं सोडून. पन्नास वर्षं शिवणकाम केलेला माणूस. शर्ट शिवून झाला, इस्त्री झाली, गिऱ्हाईक घेऊन गेलं, तरी यांच्या मनात शंका: डावी बाही पाव इंच कमी तर नाही ना पडली? त्या बिचाऱ्याला परत बोलावून बाही उसवून बघायचे! आणि बाही बरोबरच असायची.

आता अशा माणसाच्या हाती अंजिराच्या सात काड्या आल्या. दुसरं काय होणार?

काड्या साध्या नव्हत्या. राहतं घर विकून मास्तर मुलाकडे, तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी अंगणातल्या झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड सात काड्या कापल्या, ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि टेम्पोत मांडीवर घेऊन बसले. झाड बायकोनं लावलेलं, आणि ती जाऊन चार वर्षं झालेली. नव्या मालकाला गाडी लावायला जागा हवी होती, त्यानं आठवड्याच्या आत ते बुंध्यापासून तोडलं. बातमी आली तेव्हा मास्तर जेवत होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि उठून कुंड्यांत खोचलेल्या काड्यांना पाणी घातलं. सकाळीच घातलं होतं.

सूनबाई हे सगळं बघत होती. ती एका दवाखान्यात एक्स-रे काढायची. दिवसभर 'श्वास रोखा, हलू नका' म्हणायचं आणि लोक निमूट ऐकायचे. घरी मात्र तिचं कोण ऐकतंय!

"बाबा, माती नुसती दमट हवी. हा चिखल झालाय."

"बाळाला तहान लागली की घड्याळ बघायचं का?"

"बाळ नाही ते. काडी आहे."

"तुला नाही कळायचं," असं म्हणून मास्तर आणखी अर्धा पेला ओतायचे.

पाणी एक वेळ परवडलं असतं. पण रोज सकाळी चहाच्या आधी मास्तर एकेक काडी हळूच वर उपसायचे, चष्मा लावून टोक बघायचे, मूळ नाही दिसलं की पुन्हा खोचायचे. मूळ यायचं असेल तरी येणार कसं, हो? सूनबाईनं सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, कुंड्यांवर चिठ्ठ्या लावून पाहिल्या. शेवटी तिनं हात टेकले.

तिसऱ्या आठवड्यात पानं फुटली. एवढीएवढीशी, हिरवीगार, सहा काड्यांना. मास्तरांचे पाय जमिनीवर ठरेनात. जिन्यात भेटेल त्याला थांबवून सांगत सुटले. सूनबाईलाही वाटलं, चला, आपण उगाच ओरडत होतो. पण आठ दिवसांत पानांनी माना टाकल्या. उपसून बघितलं तर खाली मूळ नाहीच, नुसतं काळं, बुळबुळीत. काडीनं आपल्या पोटात साठवलेल्या जोरावर पानं काढली होती, आणि तो जोर संपला.

मास्तरांनी पानांच्या, बिनपानाच्या अशा सातही काड्या कचऱ्याच्या डब्यात टाकल्या आणि साबणानं हात धुतले. संध्याकाळी मुलगा कामावरून आला तेव्हा त्याला म्हणाले, "वृद्धाश्रमात एक तारखेला एक खोली रिकामी होतेय. मी फोन करून ठेवलाय."

"का पण? काय कमी पडलं इथे?"

"काही नाही रे. तुम्ही दोघं सगळं करता. पण माझा इथे उपयोग काय? तुझ्या आईचं एवढं एक झाड होतं. तेही मला राखता आलं नाही."

मुलगा बापाकडे बघत राहिला, मग बायकोकडे बघायला लागला. लग्नानंतर सूनबाई हट्टानं शिकली, तेव्हा तिचा पहिला पांढरा कोट याच माणसानं शिवला होता, आणि तीनदा उसवून चौथ्यांदा मनासारखा झाला तेव्हा कुठे तिच्या अंगावर चढवला होता. हा माणूस घरातून जाणार म्हणजे काय?

मास्तर खोलीत गेल्यावर तिनं कचऱ्याचा डबा जमिनीवर उपडा केला. एकेका काडीची साल नखानं खरवडली. तपकिरी. तपकिरी. सहा झाल्या, सगळ्या मेलेल्या. सातवीला, पान न फुटलेल्या काडीला, वरच्या अंगाला नख लावलं तर आत हिरवं निघालं आणि पांढऱ्या चिकाचा ठिपका आला. सूनबाई तिथेच, सांडलेल्या कचऱ्यात फतकल मारून बसली.

तिनं सडलेलं टोक कापून टाकलं, काडी धुतली, दिवसभर सुकू दिली. प्लास्टिकच्या पारदर्शक ग्लासाला खाली भोकं पाडली. नारळाचा भुसा भिजवून, थेंब गळेनासा होईपर्यंत मुठीत पिळून आत भरला. मधोमध काडी, वरून प्लास्टिकची पिशवी. आणि हा सगळा संसार तिनं स्वतःच्या खोलीत कपाटावर चढवला. तिथे ऊब होती, आणि मास्तर त्या खोलीत फारसे येत नव्हते.

"सांगून टाक ना त्यांना," नवरा म्हणाला.

"सांगितलं तर उपसतील. आणि मुळं नाही आली तर दुसऱ्यांदा रडतील. तू तोंड उघडलंस तर बघ!"

मग दिवस जाता जाईनात. मास्तर एकदम गप्प झाले. स्वयंपाकघरात येणं बंद, टीका बंद, 'तुला नाही कळायचं' बंद. खुर्चीत बसायचे, दोन्ही हात काखेत घालून, समोरच्या भिंतीकडे बघत. सूनबाईला वाटे, माणूस आतून खचला. ग्लास आणून समोर ठेवावा असं दहादा ओठांवर आलं, आणि दहादा तिनं गिळलं. आपण करतोय ते बरोबर की दुष्टपणा, हेच तिला कळेना. महिना संपायला आठवडा राहिला तेव्हा मास्तरांनी बॅग भरून दाराशी ठेवली.

त्यानंतर तीन दिवसांनी ग्लासाच्या आतल्या बाजूला दोऱ्यासारखी पांढरी मुळं दिसली. तीन! सूनबाईनं तोंडावर हात दाबला. वर एक पान उलगडत होतं आणि पानाच्या बगलेत, वाटाण्याएवढं, चक्क एक अंजीर. ते खुडायला हवं होतं. इवल्याशा मुळांच्या काडीला फळ पोसवत नाही, सगळा जोर तिकडे जातो. तिनं बोट पुढे नेलं आणि मागे घेतलं. ते खुडायचा हक्क तिला आपला वाटेना.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. दुपारी तिनं ग्लास खाली उतरवला आणि मास्तरांसमोर ठेवला. बोलायचं सगळं पाठ केलं होतं. "बाबा, रागावू नका. मी तुमच्यापासून एक गोष्ट..."

मास्तरांनी चष्मा सारखा केला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "हे चौथं नवीन आहे. काल तीनच होती."

"काल?" सूनबाई ओरडली.

"तुझ्या कोटाचं बटण सैल झालं होतं. शिवून कोट अडकवायला तुझ्या खोलीत गेलो, तेव्हा दिसलं. काड्या टाकल्या होत्या त्याच्या तिसऱ्या दिवशी. मग रोज, तू कामावर गेलीस की."

"स्टुलावर चढून? या वयात?"

"मग काय, उडून?"

"आणि हात लावलात?"

"नाही."

"एकदाही?"

"नाही गं, पोरी. हात शिवशिवायचे नुसते. काखेत दाबून बसत होतो दिवसभर, दुसरं काय करणार!"

"मग बोलला का नाहीत? माझा जीव टांगणीला लागला होता इथे!"

"तू लपवलं होतंस ते माझ्यापासूनच ना? बरोबर केलंस. बोललो असतो तर माझं म्हणून हातात घेतलं असतं. म्हटलं, निदान ही काडी तरी तुझ्या हातून जगू दे." मास्तरांनी बॅगेकडे बोट दाखवलं. "मूळ धरलं नसतं, तर गेलोच असतो मी."

ग्लासातून काडी उपटली तर मुळं तुटतात, काचेच्या तारेसारखी. मास्तर म्हणाले, "थांब." मोठी कात्री आणली आणि ग्लास दोन्ही बाजूंनी वरून खाली कापला, भुशाला धक्कासुद्धा न लावता. दोन अर्धुकं अलगद बाजूला झाली. सूनबाईनं तो गड्डा तळव्यावर तोलून कुंडीत उतरवला आणि भोवती भुसभुशीत माती सोडली.

"दाबू नकोस," मास्तर म्हणाले.

"तुम्ही मला शिकवताय? तुम्ही?" दोघंही हसले. पुष्कळ दिवसांनी त्या घरात कुणी मोठ्यानं हसलं होतं.

मग राहिलं ते अंजीर. सूनबाईनं काही सांगायची गरज पडली नाही. मास्तरांनी दोन बोटांत धरून ते खुडलं. देठातून चीक आला आणि मास्तरांच्या डोळ्यांतून पाणी. त्यांनी ते लपवलं नाही.

"हंगामातलं पहिलं अंजीर ती अर्धं मला द्यायची," ते म्हणाले. "मोठं अर्धं स्वतः खायची. आता पुढच्या वर्षी लागेल ना गं?"

सूनबाईला खोटं बोलवेना. "पुढच्या वर्षी नाही, बाबा. धड खाण्यासारखं फळ यायला तीन वर्षं तरी लागतील."

मास्तरांनी बोटांवर काहीतरी मोजलं. दाराशी बॅग तशीच होती. आपण कशाला खरं बोललो, असं सूनबाईला होऊन गेलं.

"तीन वर्षं," मास्तर म्हणाले. "म्हणजे मी एक्क्याऐंशीचा." त्यांनी कुंडी उजेडात सरकवली आणि तळव्याची माती झटकली. "मग माझ्या खोलीला पडदे शिवायला हवेत. सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं. चल, खिडकीचं माप घे बघू."

तिनं खिडकीला टेप लावली, पण डोळे इतके भरले होते की आकडा काही दिसेना. तेव्हा मास्तरांनीच पुढे होऊन तो वाचला.