रोबोला घातलेला हार

चाकाच्या शोधानंतरची मानवजातीच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना देवळाली प्रवराजवळच्या एका माध्यमिक विद्यालयात सकाळी साडेदहाला घडणार होती. पण संस्थेचे अध्यक्ष आप्पासाहेब एका दशक्रियेला गेल्यामुळे ती दुपारी एकला ठेवली.

विज्ञानाच्या आरती मॅडमना सकाळपासून घाम फुटला होता. शाळेला परवडेल असा रोबो त्यांनी नववीच्या मुलांकडून करून घेतला होता. खेळण्यातल्या मोटारी, डब्याचं झाकण आणि अडथळा ओळखणारे दोन डोळे. समोर काही आडवं आलं की मागे सरायचं, एवढंच त्याला शिकवलेलं. तो आज नीट चालला, तर आप्पासाहेब रोबोटिक्सला आठवड्याचा एक तास देणार होते. नाही चालला, तर तो तास कवायतीला.

"साहेबांच्या हस्ते पूजन झाल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही," मुख्याध्यापक ढोकणे सरांनी बजावलं. नव्या ट्रॅक्टरचीसुद्धा आधी पूजा होते; हे तर विज्ञान.

आप्पासाहेब आले. नारळ फुटला, हळद-कुंकू लागलं. मग त्यांनी झेंडूचा हार रोबोच्या गळ्यात घातला. रोबोला गळा नसल्यामुळे तो डोळ्यांवर आला.

नववीतल्या राजनंदिनीनं बटण दाबलं. रोबो मागे सरला. आप्पासाहेब कौतुकानं एक पाऊल पुढे आले. रोबो आणखी मागे.

"मॅडम, त्याला हारच आडवा दिसतोय. काढा ना!" राजनंदिनी कुजबुजली.

"गप गं," ढोकणे सर दात आवळून म्हणाले. "साहेबांनी घातलेला हार आपण काढायचा?"

मॅडमनी पुढे केलेला हात मागे घेतला.

रोबो सरकत सरकत व्यासपीठामागच्या पडद्याला टेकला आणि तिथंच घरघरत राहिला. मॅडमनी मनातल्या मनात तास कवायतीला देऊन टाकला.

"वा!" आप्पासाहेब गरजले. "मोठ्या मानसापुढं कसं वागावं ते यंत्राला कळतं, आमच्या पोरांना न्हाई! मॅडम, लई संस्कारी केलाय वो. एक न्हाई, दोन तास घ्या. पन ढोकणे, असली वस्तू पोरांच्या हाती देऊ नका. मोडत्याल."

आता आठवड्यातून दोन तास रोबोटिक्स असतं. मुलं रांगेनं कार्यालयात जातात आणि काचेच्या कपाटातला रोबो बघून रांगेनं परत येतात. कपाटाची किल्ली आप्पासाहेबांकडं असते.